शिट्टीची भाषा

गेल्या दिवाळीतली गोष्ट. फराळाची बशी मांडीवर घेऊन आमचा नातू दूरचित्रवाणीसमोर बसला होता. पडद्यावर कबड्डीचा सामना ऐन रंगात आला होता. एक उंचापुरा इराणी खेळाडू चढाईला निघाला, आणि नातवाने एकदम मान वळवून मला विचारले,

"आबा, हा तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतोय?"

"दुसरं काय म्हणणार? कबड्डी, कबड्डी."

"पण तो तर इराणचा आहे ना? मग त्याच्या भाषेत का नाही म्हणत?"

"नियम आहे तसा. दुसरं काही म्हटलं तर पंच परत पाठवतात आणि समोरच्यांना गुण देतात."

"हे त्याला कुणी सांगितलं असेल?"

प्रश्न सहज विचारलेला. उत्तराची वाटही न पाहता स्वारी पुन्हा सामन्यात गुंग झाली. माझा हात मात्र चकलीसकट तसाच थांबला. आमच्या मंडळींच्या ते लक्षात आले. त्या म्हणाल्या, "कोरपना आठवलं वाटतं?"

होय, कोरपना आठवले होते. या प्रश्नाचे उत्तर मला एका मुलाला द्यायचे होते, आणि ते मी वेळेवर दिले नव्हते. आज ती हकीकत वाचकांपुढे ठेवतो. तिच्या निमित्ताने जगाच्या मैदानांवर भाषेमुळे काय काय घडते, तेही थोडे सांगावे म्हणतो.

चार भाषांचे गाव

मी मूळचा कऱ्हाडकडचा. १९८३ साली शिक्षकाची नोकरी मिळाली ती थेट कोरपन्याला. पुण्या-मुंबईच्या वाचकांपैकी पुष्कळांनी हे नाव ऐकलेही नसेल. चंद्रपूरहून बल्लारपूर, राजुरा, गडचांदूर करीत एस. टी. कोरपन्याला पोहोचते, आणि तीच सडक पुढे आदिलाबादकडे जाते. एका अंगाला पैनगंगा, दुसऱ्या अंगाला माणिकगडचे डोंगर, मध्ये कापसाची आणि तुरीची काळी जमीन, आणि गडचांदूरच्या बाजूला सिमेंट कारखान्यांची धुराडी. हा सगळा राजुऱ्याचा मुलूख पूर्वी निजामाच्या राज्यात होता.

तिथे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात माझी मोठी फजिती झाली. माझ्या वर्गात पन्नासेक मुले. काही घरी मराठी बोलत, तीही आमच्या कृष्णाकाठची नव्हे, तर "काय करून रायला" अशी वैदर्भी. काहींच्या घरी गोंडी, काहींच्या घरी कोलामी, तर काही तेलुगू बोलणारी. डोंगरावरच्या तांड्यांतून आलेली दोन-तीन मुले आपसांत बंजारा बोलीत कुजबुजत. मी फळ्यावर सुंदर अक्षरात सुविचार लिहावा आणि अर्ध्या वर्गाने माझ्याकडे नुसते टकमक पाहावे! "मुले मठ्ठ आहेत" असे आमच्यातले काही जण खुशाल म्हणत. खोटे कशाला सांगू? पहिली दोन-तीन वर्षे मीही म्हणत असे.

मैदानावर मात्र हीच मुले विजेसारखी चपळ. मला स्वतःला कबड्डीचे वेड होते. कऱ्हाडला असताना पंचाचे काम शिकलो होतो. त्यामुळे कोरपन्याच्या पंचक्रोशीत सामने भरले की सरपंच म्हणून बोलावणे मलाच येई. हा सरपंच ग्रामपंचायतीचा नव्हे, बरे का! कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. गळ्यात शिट्टी, खिशात नियमांचे मराठी पुस्तक आणि चेहऱ्यावर न्यायाधीशाचा भाव, असा माझा थाट असे.

एका शब्दाने गेलेला सामना

१९८६ सालच्या जानेवारीत सामने भरले होते. पलीकडून, त्या वेळच्या आंध्र प्रदेशातल्या आदिलाबाद जिल्ह्यातून, एक संघ आला होता. सगळी पोरे सतरा-अठरा वर्षांची, अनवाणी. त्यांच्याबरोबर एक वयस्क गृहस्थ होते. ते मोडकी मराठी बोलत.

सामन्याआधी मी दोन्ही संघांना उभे करून नियम वाचून दाखवले. चांगली दहा मिनिटे, खणखणीत आवाजात, शुद्ध मराठीत. पाहुण्या पोरांनी माना डोलावल्या. त्यांतला एक शिडशिडीत पोरगा पुढे झाला आणि मैदानाकडे बोट करून म्हणाला, "गीत?"

मला काही कळेना. आमच्या शाळेतले एक कार्टे ओरडले, "तो गाणं म्हणू का म्हणून रायला, सर!" सगळे मैदान हसले. मीही हसलो. म्हणालो, "गाणं सामन्यानंतर!" पोरगा ओशाळून मागे सरला.

सामना अटीतटीचा झाला. त्या पोराचा खेळ पाहून माझेच भान हरपत होते. पाण्यातल्या माशासारखा तो सात जणांतून निसटे. दोनदा मात्र त्याने निदान रेषा ओलांडलीच नाही. मला नवल वाटले. इतका चांगला गडी आणि रेषेचे भान नाही? मी नियमाप्रमाणे त्याला बाद दिले.

शेवटचे मिनिट उरले तेव्हा दोन्ही संघांचे गुण सारखे होते. पोरगा चढाईला आला. आतापर्यंत तो शिकवल्याप्रमाणे "कबड्डी, कबड्डी" म्हणत होता. पण आता छाती भरून आली होती, दम संपत आला होता, आणि अशा वेळी माणसाच्या तोंडून येते ती लहानपणाची भाषा. त्याने एका गड्याला हात लावला आणि मागे वळता वळता त्याच्या तोंडून आले, "चेडुगुडु, चेडुगुडु..."

तेलुगू मुलखात आपल्या कबड्डीला चेडुगुडु म्हणतात. आपल्याकडे जुन्या पिढीचा हुतूतू, बंगालचा हाडुडू, तामीळनाडूचा सडुगुडु, तसाच हा. एकच खेळ, एकच दम, फक्त शब्द निराळा.

मी शिट्टी फुंकली. चढाई रद्द, गुण समोरच्या संघाला. मिनिटभराने सामना संपला. पाहुणे एका गुणाने हरले.

पोरगा माझ्यापुढे येऊन उभा राहिला. डोळ्यांत राग नव्हता, फक्त न कळल्याचा भाव होता. तो तेलुगूत काहीतरी विचारीत होता. मी खिशातले पुस्तक काढून कलमावर बोट ठेवले. मराठी कलम! त्याला ते वाचता येत नव्हते, हे मला दिसत होते. बरोबरचे गृहस्थ काही बोलू लागले तेव्हा मी म्हणालो, "नियम म्हणजे नियम." त्यांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि अंधारात ती मंडळी सडकेने निघून गेली.

त्या रात्री मी शांत झोपलो. निर्णय बरोबर होता ना!

गोळेश्वरचा पैलवान

पुढे मे महिन्यात सुट्टीला घरी गेलो तेव्हा वडिलांना हा किस्सा मोठ्या ऐटीत सांगितला. वडील ऐकत राहिले. मग एवढेच म्हणाले, "खाशाबाचंही असंच झालं होतं म्हणतात."

आमच्या कऱ्हाडशेजारी गोळेश्वर नावाचे खेडे आहे. खाशाबा जाधव तिथले. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिम्पिकला गेले आणि सहावे आले. तांबड्या मातीत वाढलेला हा मल्ल तिथे प्रथमच गादीवर लढत होता. १९५२ साली हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत कोल्हापूर-कऱ्हाडकडे घरोघरी सांगतात.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशीबरोबर त्यांची दीर्घ झुंज झाली. ती संपते न संपते तोच, त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामादबेकोव्हशी लढायला उभे राहण्यास सांगण्यात आले, असे सांगतात. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम होता. पण तो नियम पंचांपुढे मांडायला, भांडून विश्रांती मिळवून द्यायला, त्या घटकेला तिथे एकही भारतीय अधिकारी नव्हता. थकलेला मल्ल पुन्हा उभा राहिला आणि हरला. इशीला सुवर्ण मिळाले, मामादबेकोव्हला रौप्य, आणि २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांच्या गळ्यात कांस्यपदक पडले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कऱ्हाडला परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. वडिलांनी ती डोळ्यांनी पाहिली होती.

खाशाबा कॉलेजात शिकलेले होते, अडाणी नव्हते. पण परक्या देशात, धापा टाकत असताना, परक्या पंचाशी नियमाचा वाद घालणे हे एकट्या खेळाडूचे काम नव्हे. नियम पुस्तकात होता आणि तो त्यांच्या बाजूचा होता. तो बोलून दाखवणारे तोंड तेवढे नव्हते.

वडील म्हणाले, "तुझ्या त्या पोराकडे ना नियम कळायला भाषा होती, ना बोलायला माणूस. आणि तू तर दोन्ही करू शकला असतास."

वडिलांनी एवढे बोलून विषय संपवला. माझी ऐट मात्र तिथेच उतरली.

'गीत' म्हणजे काय?

कोरपन्याला परतल्यावर मी एका तेलुगू किराणा दुकानदाराकडे रोज संध्याकाळी जाऊन बसू लागलो. साखर-पोह्यांच्या पुड्या बांधता बांधता तो मला तेलुगू शिकवी. "आगु" म्हणजे थांब, "वद्दु" म्हणजे नको, "रा" म्हणजे ये. महिनाभराने त्याच्या वहीवर आकडे मांडताना त्याने पेन्सिलीने एक रेघ ओढली आणि म्हणाला, "ही गीत."

मी दचकलो. "गीत म्हणजे?"

"गीत म्हणजे रेघ, मास्तर. लाइन."

वाचकहो, त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे तो शिडशिडीत पोरगा उभा राहिला. मैदानाकडे बोट करून तो मला विचारीत होता, यांतली निदान रेषा कोणती? आणि सगळ्या मैदानासकट मी त्याला हसलो होतो! दोनदा तो बाद झाला तो त्याच रेषेमुळे.

पुढे वर्षभराने ते वयस्क गृहस्थ आठवडी बाजारात भेटले. मी हात जोडून झाला प्रकार सांगितला आणि पोराची चौकशी केली. ते म्हणाले, "त्यानं खेळ सोडला, सर. त्या दिवसापासून मैदानावर आला नाही." मग थोडे थांबून म्हणाले, "तुमचा नियम बरोबर होता. पण तो आधी कानात पडाले पायजे होता ना!"

पिवळे आणि तांबडे पत्ते

मग मी या विषयाचा नादच घेतला. मिळेल ते वाचू लागलो. आणि ध्यानात आले की, जे माझ्या हातून कोरपन्यात घडले, ते मोठमोठ्या मैदानांवरही घडलेले आहे.

फुटबॉलचे उदाहरण घ्या. २३ जुलै १९६६, म्हणजे खाशाबांच्या पदकाचीच तारीख, फक्त चौदा वर्षांनंतरची. लंडनच्या वेम्बली मैदानावर विश्वचषकाचा उपउपांत्य सामना चालला होता, इंग्लंड विरुद्ध अर्जेंटिना. पंच होते जर्मनीचे रुडॉल्फ क्राइटलाइन. त्यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार रातीन याला मैदानाबाहेर जाण्यास सांगितले. पंचांना स्पॅनिश येत नव्हते आणि रातीनला जर्मन. तो दुभाषी मागत राहिला, बाहेर जाईना, आणि खेळ कितीतरी वेळ खोळंबला. त्याच सामन्यात इंग्लंडच्या चार्लटन बंधूंना पंचांनी ताकीद दिली होती, पण ती त्यांना कळली दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून, असेही सांगतात.

केन अ‍ॅस्टन नावाचे इंग्रज गृहस्थ त्या वेळी पंचांची व्यवस्था पाहत. या गोंधळावर काय उपाय करावा, असा विचार करीत ते मोटारीने घरी चालले होते. वाटेत चौकातला दिवा पिवळा झाला, मग तांबडा झाला, आणि त्यांना युक्ती सुचली. पिवळा पत्ता म्हणजे ताकीद, तांबडा म्हणजे बाहेर! १९७० च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकापासून हे पत्ते सुरू झाले. आज आपल्या गल्लीतले पोरही ते ओळखते.

जपान्यांचीही अशीच गोष्ट. १९६४ साली टोकियोला ऑलिम्पिक भरले. पाहुण्यांना जपानी लिपी वाचता येणार नाही, हे यजमानांनी आधीच ओळखले. म्हणून प्रत्येक खेळासाठी त्यांनी साधी चित्रे काढली. पोहणारा माणूस, धावणारा माणूस, एवढेच. चित्र पाहावे आणि त्या दाराने आत जावे. ती पद्धत पुढच्या ऑलिम्पिकांनीही उचलली. विमानतळावर स्वच्छतागृहाच्या दारावर आपण जी बाहुली पाहतो, ती याच कुळातली.

याच्याही आधी, १९२४ साली, पॅरिसला कर्णबधिरांचे आंतरराष्ट्रीय सामने भरले. ज्यांना शिट्टीच ऐकू येत नाही त्यांच्यासाठी झेंडी हलवायची, शर्यतीला पिस्तुलाऐवजी दिव्याची उघडझाप करायची, अशी व्यवस्था त्या खेळांत रुळली. खेळाडूला ऐकू येत नसेल तर ते दिसेल असे करणे हे भरवणाऱ्याचे काम, हे त्यांनी कधीच ओळखले होते.

परक्याचे शब्द

आता कोणी म्हणेल, मग शब्द हवेतच कशाला? सगळ्या खुणाच करा! पण तसे नाही. खेळाच्या शब्दांना त्या त्या मातीचा वास असतो. ज्यूदोचा पंच जगात कुठेही "हाजिमे" म्हणूनच कुस्ती सुरू करतो आणि "मात्ते" म्हणून थांबवतो. हे शब्द जपानी. तलवारबाजीत "आं गार्द" असे फ्रेंचमध्येच बजावतात. ऑलिम्पिकची अधिकृत भाषाही फ्रेंच आणि इंग्रजी. समारंभातल्या घोषणा या दोन्हींत होतात आणि शिवाय यजमान देशाच्या भाषेत.

आपले शब्दही आता त्या पंक्तीला बसले आहेत. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके तिथे दाखवली. त्यांत कबड्डी होती. १९९० साली बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डी पदकाची झाली. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक भरला. वीसएक देशांचे संघ आले होते. भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवले, आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचेच. दूरदेशीची मुले पाठीवर थाप मारून "खो!" म्हणत होती, ते पाहून मला भरून आले. पण त्यांना कुणीतरी हा शब्द आधी शिकवला होता. परका शब्द शिकायला कोणाची ना नसते. तो शिकवण्याआधीच चूक धरली, तर मात्र तो अन्याय होतो.

शिकवणाराने स्वतः काय करावे, याचा धडा घालून दिला तो नाशिकच्या एका बाईंनी. शैलजा जैन त्यांचे नाव. अनेक वर्षे कबड्डी शिकवण्यात घालवल्यावर त्या इराणच्या महिला संघाच्या मार्गदर्शक झाल्या. मुलींना मराठी, हिंदी येत नव्हते, इंग्रजीही बेताचेच. दुभाष्यावर सारा भार न टाकता शैलजाबाईंनी फार्सी शिकायला घेतली. त्या वयात, परक्या मुलखात! मुलींना त्यांनी योगासने आणि प्राणायामही शिकवला. २४ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्ताच्या आशियाई खेळांत इराणच्या मुलींनी अंतिम सामन्यात भारताला २७-२४ असे हरवून सुवर्णपदक मिळवले. आपला संघ हरला याचे वाईट कोणाला वाटणार नाही? पण त्या दिवशी माझ्यातल्या मास्तराने त्या बाईंना मनोमन नमस्कार केला.

आणि यात एक मौज आहे. दम, मैदान, कुस्ती, पैलवान, शाबास हे सगळे शब्द आपल्याकडे फार्सीतूनच आलेले! तेव्हा नाशिकच्या बाई तेहरानच्या मुलींना "शाबास" म्हणत असतील, तेव्हा एक जुना शब्द फिरून माहेरीच गेला असेल.

कोरपन्याचे नवे नियम

हे सगळे मी एका दिवसात वाचले नाही, आणि काही गोष्टी तर फार पुढे घडल्या. पण त्या 'गीत' शब्दाने मला जागे केले होते. पुढच्या हंगामापासून आमच्या सामन्यांचा रिवाज बदलला.

पहिली गोष्ट, नियम वाचून दाखवणे बंद. नियम करून दाखवायचे. मैदानावर मुलांना चालवत न्यायचे, ही मध्यरेषा, ही निदान रेषा, असे प्रत्येक रेषेवर त्यांचे पाऊल ठेवायला लावायचे. दुसरी गोष्ट, चार भाषा. मराठी मी सांगे, तेलुगू तो दुकानदार सांगे. गोंडीसाठी नववीतला एक मुलगा होता आणि कोलामीसाठी गुड्यावरून येणारी सातवीतली एक मुलगी. वर्गात जिने कधी तोंड उघडले नव्हते, ती ध्वनिक्षेपकापुढे उभी राहून आपल्या लोकांना कबड्डीचे नियम समजावू लागली तेव्हा तिची आई मैदानाच्या कडेला पदर तोंडाशी धरून पाहत उभी होती. "मुले मठ्ठ आहेत" हे वाक्य त्यानंतर माझ्या तोंडून कधी निघाले नाही.

तिसरी गोष्ट, प्रत्येक संघाबरोबर एक बोलणारा. निर्णय पटला नाही तर त्याने संघाच्या वतीने सरपंचाशी बोलावे, आणि सरपंचाने ते ऐकून घ्यावे. हेलसिंकीला खाशाबांजवळ जो माणूस नव्हता, तो निदान कोरपन्याला तरी असावा, एवढीच त्यामागची भावना.

आणि शिट्टीबरोबर मी एक तांबडी झेंडी धरू लागलो. कारण आमच्याच शाळेत एक कर्णबधिर मुलगा होता. शिट्टी झाल्यावरही तो पकड सोडीत नसे, म्हणून सगळे त्याला दांडगट म्हणत. बिचाऱ्याला शिट्टी ऐकूच येत नव्हती! झेंडी आली आणि त्याचा दांडगटपणा एका दिवसात संपला. पुढे त्याच्यासारखी पकड करणारा गडी पंचक्रोशीत नव्हता. चढाईला मात्र त्याला पाठवता येत नसे, कारण तोंडाने स्पष्ट "कबड्डी" म्हणायलाच हवे. तो नियम बदलणे माझ्या हातात नव्हते. त्याची खंत अजून आहे.

आणखी एक सांगतो. चढाईच्या शब्दाचा नियम आम्ही मोडला नाही. जिल्ह्याला, राज्याला खेळायचे तर "कबड्डी"च म्हणावे लागणार, हे मुलांना कळायला हवे होते. म्हणून सरावात आम्ही सगळ्यांना शेवटच्या दमापर्यंत तो शब्द घोटवून घेत असू. सामना संपला, की मग मात्र ज्याने त्याने आपापल्या भाषेत आरोळ्या द्याव्यात!

माझ्या कामाची ही बढाई नव्हे. हे सगळे मी एका मुलाचा खेळ संपल्यावर शिकलो. त्या मुलखातली मुले काय करू शकतात हे पुढे साऱ्या जगाने पाहिले. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमधील पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्टचे शिखर गाठले. त्या शाळांपैकी काही आमच्या शेजारच्या जिवती-राजुरा भागातल्या. ती बातमी वाचताना मला पुन्हा तोच पोरगा आठवला. चांगला खेळत होता हो!

नातवाला दिलेले उत्तर

सामना संपला. नातू बशी ठेवून माझ्याजवळ आला. म्हणाला, "आबा, तुम्ही सांगितलंच नाही. त्या इराणच्या माणसाला नियम कुणी सांगितला असेल?"

मी म्हणालो, "ज्याच्या हातात शिट्टी असते, त्यानं सांगायचा असतो. खेळणाऱ्याच्या भाषेत. आणि सामना सुरू व्हायच्या आधी."

"आणि त्याला ती भाषा येत नसेल तर?"

"तर त्यानं शिकायची."

दुसऱ्या दिवशी, पाडव्याला सकाळी, आमच्या सोसायटीच्या आवारात मुलांचा खेळ मांडला होता. नव्यानेच राहायला आलेल्या एका तामीळ कुटुंबातला मुलगा कडेला उभा होता. आमचा नातू पायाने मातीत रेघ ओढून त्याला काही दाखवीत होता. मी गॅलरीतून विचारले, "काय रे, काय चाललंय?"

तो वर पाहून म्हणाला, "आबा, याला रेघेला काय म्हणतात ते विचारतोय. त्याच्या भाषेत."

मी काही बोललो नाही. आत जाऊन कपाटातली जुनी शिट्टी काढली, पुसली, आणि खाली जाऊन नातवाच्या हातात दिली.